प्रायमाक्विन सुरू करण्याआधी: जी६पीडी कमी असलेल्यांसाठी तपासणी, मात्रा आणि देखरेखीचा क्रम

व्हायव्हॅक्स या जातीच्या परजीवीने होणाऱ्या मलेरियाचा ताप उतरला की उपचार संपला असे वाटते. पण त्याचे काही परजीवी यकृतात निपचित पडून राहतात आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा रक्तात उतरतात. यकृतातल्या या परजीवींचा नायनाट करणारी औषधे आज वापरात दोनच आहेत, प्रायमाक्विन आणि टॅफेनोक्विन. ज्यांच्या तांबड्या पेशींत जी६पीडी हे एन्झाइम जन्मतःच कमी असते, त्यांच्या पेशी नेमकी हीच दोन औषधे फोडतात.

चूक दोन्ही बाजूंनी होते. कुठे तपासणी न करताच १४ दिवसांच्या गोळ्या हातात पडतात. कुठे धास्तीपोटी औषध कुणालाच दिले जात नाही, मग रुग्णाला पुन्हा पुन्हा ताप येतो आणि दर तापागणिक त्याचे हिमोग्लोबिन खाली जाते. तिसरी चूक जास्त फसवी आहे. तपासणी होते, अहवाल 'नॉर्मल' येतो, पण तो कोणत्या पद्धतीने आणि कोणत्या रक्तावर काढला हे कुणी विचारत नाही.

पुढचा क्रम आरोग्यसेवक, रुग्ण आणि घरची माणसे अशा सगळ्यांसाठी आहे. औषध आणि मात्रा डॉक्टरच ठरवतील, पण प्रत्येक टप्प्यावर काय विचारायचे आणि काय पाहायचे हे तिघांनाही ठाऊक असायला हवे.

आधी एवढे समजून घ्या

तांबड्या पेशीला केंद्रक नसते आणि मायटोकाँड्रियाही नसतात. ऑक्सिडीकरणाच्या माऱ्यापासून वाचायला तिला एनएडीपीएच हे रक्षक रसायन लागते आणि ते तयार करण्याची तिची वाट जी६पीडीवरच अवलंबून असते. पेशी जसजशी जुनी होते तसतसे हे एन्झाइम घटत जाते, नवे तयार होत नाही. म्हणून औषधाचा मारा सुरू झाला की आधी म्हाताऱ्या पेशी फुटतात. पुढच्या बहुतेक सूचनांचे मूळ या एका गोष्टीत आहे.

या एन्झाइमचा जनुक एक्स गुणसूत्रावर असतो. पुरुषाकडे एकच एक्स असल्यामुळे त्याच्यात कमतरता असते किंवा नसते. स्त्रीकडे दोन एक्स असतात, त्यामुळे तिच्यात मधली अवस्थाही असते, आणि गोंधळ मुख्यतः तिथेच होतो.

टप्पा १: रक्तातल्या परजीवींचा उपचार लगेच सुरू करा

ताप उतरवणारे औषध आणि यकृत साफ करणारे औषध ही दोन वेगळी कामे आहेत. क्लोरोक्विन किंवा आर्टेमिसिनिनयुक्त संयुक्त गोळ्या नेहमीच्या मात्रेत जी६पीडी कमी असलेल्यांनाही चालतात. त्यासाठी अहवालाची वाट पाहू नका. मलेरियाचा उपचार लांबवणे हा या सगळ्यातला सर्वांत मोठा धोका आहे.

प्रायमाक्विन मात्र थांबू शकते. ते पहिल्या औषधासोबतच सुरू झाले तर उत्तम, पण तपासणीसाठी चार दिवस गेले म्हणून रुग्णाच्या जिवाला धोका होत नाही. 'आज मशीन नाही, म्हणून तपासणी न करता गोळ्या देऊन टाकू' या युक्तिवादात म्हणूनच काही अर्थ नाही.

फाल्सिपेरम या दुसऱ्या जातीच्या मलेरियात संसर्ग पुढे पसरू नये म्हणून दिली जाणारी प्रायमाक्विनची एकच छोटी मात्रा (किलोमागे ०.२५ मि.ग्रॅ.) वेगळी समजायची. तिच्यासाठी जी६पीडी तपासणीची अट जागतिक आरोग्य संघटना घालत नाही. हा नियम व्हायव्हॅक्सच्या ७ किंवा १४ दिवसांच्या कोर्सला लावणे ही नेहमी होणारी आणि गंभीर चूक आहे.

> सावधान: डॅप्सोन हे औषधही या पेशी फोडते. क्लोरप्रोग्वानिल आणि डॅप्सोन यांची मलेरियावरची संयुक्त गोळी याच कारणामुळे २००८ साली बाजारातून मागे घेण्यात आली. रुग्ण त्वचेच्या किंवा इतर आजारासाठी डॅप्सोन घेत आहे का, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

टप्पा २: सुई टोचण्याआधीचे प्रश्न

हे प्रश्न कागदावर लिहून घ्या. तोंडी विचारले की निम्मे राहून जातात.

१. गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवले आहे का? चढवले असेल तर तपासणीत रक्तदात्याचे एन्झाइम मोजले जाईल.

२. नुकतीच कधी लघवी काळपट झाली होती का, अचानक कावीळ किंवा रक्तक्षय झाला होता का? याआधी कोणत्या औषधाने असे झाले होते?

३. जन्मल्यावर जास्त कावीळ झाली होती का? आईच्या बाजूच्या पुरुषांपैकी, म्हणजे भाऊ, मामा, मावसभाऊ यांपैकी कुणाला हा त्रास आहे का?

४. गरोदरपण आहे का? बाळ अंगावर पीत आहे का आणि त्याचे वय किती?

५. आज वजन किती? अंदाजाने नव्हे, काट्यावर उभे करून.

६. आजचे हिमोग्लोबिन किती? पुढच्या सगळ्या देखरेखीचा पाया हाच आकडा आहे. तो नसेल तर तिसऱ्या दिवशी आलेल्या ९ या आकड्याचा अर्थ कुणालाच लावता येणार नाही.

गरोदर स्त्रीला प्रायमाक्विन आणि टॅफेनोक्विन दोन्ही देत नाहीत, तिचे स्वतःचे एन्झाइम पुरेसे असले तरीही. पोटातल्या बाळाचे एन्झाइम किती आहे हे आपल्याला ठाऊक नसते. तिथे रक्तातला मलेरिया बरा करून, जिथे क्लोरोक्विन लागू पडते तिथे दर आठवड्याला ते देत राहण्याचा पर्याय डॉक्टर विचारात घेतात आणि यकृत साफ करण्याचा उपचार पुढे ढकलतात. सहा महिन्यांखालील बाळांना आणि अशा बाळाला अंगावर पाजणाऱ्या आईलाही प्रायमाक्विन टाळतात.

टप्पा ३: नमुना आणि तपासणी

तपासण्या दोन जातींच्या असतात आणि दोन्हींच्या अहवालांवर 'नॉर्मल' हा एकच शब्द छापलेला असतो, म्हणून घोटाळा होतो.

*गुणात्मक तपासणी*, म्हणजे फ्लुरोसेंट स्पॉट चाचणी किंवा पट्टीची झटपट चाचणी. ती फक्त 'कमी आहे' किंवा 'कमी नाही' एवढेच सांगते. ज्यांचे एन्झाइम निरोगी माणसाच्या तुलनेत साधारण ३० टक्क्यांच्या खाली आहे तेच तिच्यात सापडतात. ४० किंवा ५० टक्के असलेली स्त्री तिच्यात सहज 'नॉर्मल' ठरते.

*परिमाणात्मक तपासणी* प्रत्यक्ष आकडा देते, हिमोग्लोबिनच्या दर ग्रॅममागे इतके युनिट असा. प्रयोगशाळेत ती स्पेक्ट्रोफोटोमीटरवर होते. हातात धरण्याजोगी यंत्रेही आता आहेत, बोटातून घेतलेल्या रक्ताच्या एका थेंबावर ती काही मिनिटांत एन्झाइम आणि हिमोग्लोबिन दोन्ही मोजतात.

टॅफेनोक्विन द्यायचे असेल तर परिमाणात्मक तपासणीच हवी, पट्टीच्या भरवशावर ते देता येत नाही.

नमुना घेताना बिघडणाऱ्या गोष्टी अशा:

- बोट दाबून दाबून रक्त काढले की त्यात ऊतकांचा द्रव मिसळतो आणि आकडा बिघडतो. हात आधी कोमट करा, पहिला थेंब पुसून टाका आणि दुसरा वापरा.
- स्पिरिट वाळण्याआधीच टोचले जाते.
- नळीत बुडबुडा राहतो किंवा रक्त खुणेपर्यंत भरत नाही. यंत्र तरीही आकडा देते, आणि तो चुकीचा असतो.
- ईडीटीए नळी (रक्त गोठू न देणारी) दुपारभर उन्हात किंवा गाडीत राहते. उष्णतेने एन्झाइम नष्ट होते आणि धडधाकट माणूस 'कमतरतेचा' ठरतो. नमुना ४ अंश सेल्सियसच्या आसपास थंड ठेवा, पण गोठवू नका.
- यंत्राला त्याच्या पुस्तिकेत दिलेल्या तापमानाबाहेर वापरले जाते, किंवा एका खोक्याची चकती दुसऱ्या खोक्याच्या कोडसोबत वापरली जाते.
- यंत्र अचूक आहे का हे तपासायचे नियंत्रण द्रावण लावून पाहणे आठवडेच्या आठवडे राहून जाते.

यापेक्षा घातक चूक अशी की नमुना नीट असतो, पण वेळ चुकीची असते. तांबड्या पेशी नुकत्याच मोठ्या प्रमाणात फुटलेल्या असतील, तर म्हाताऱ्या पेशी आधीच गेलेल्या असतात आणि रक्तात कोवळ्या पेशींची गर्दी असते. कोवळ्या पेशींत एन्झाइम भरपूर असते, त्यामुळे खरोखर कमतरता असलेला माणूस त्या दिवशी 'नॉर्मल' दिसतो. पांढऱ्या पेशींतही हे एन्झाइम असते, म्हणून त्या फार वाढलेल्या असतील तरी आकडा फुगतो.

> पडताळणी: नुकतीच पेशी फुटण्याची घटना झाली आहे किंवा रक्त चढवले आहे, आणि अहवाल 'नॉर्मल' आला? त्यावर विसंबू नका. साधारण तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. अशा वेळी 'कमी' असा अहवाल मात्र लगेच खरा धरा.

टप्पा ४: आकडा वाचणे

यंत्राचा आकडा थेट टक्के नसतो. त्या पद्धतीवर निरोगी पुरुषांचा जो मध्यक येतो तो १०० टक्के धरतात. प्रत्येक पद्धतीचा हा मध्यक वेगळा असतो, म्हणून एका प्रयोगशाळेची सीमारेषा दुसरीच्या अहवालाला लावू नका. उदाहरणार्थ, एसडी बायोसेन्सरच्या स्टँडर्ड जी६पीडी यंत्रावर ४.० किंवा त्याहून कमी युनिट म्हणजे ३० टक्क्यांखालची कमतरता, स्त्रियांत ४.१ ते ६.० म्हणजे मधली अवस्था आणि ६.० च्या वर म्हणजे ७० टक्क्यांच्या वर.

- ३० टक्क्यांच्या खाली: कमतरता. रोजची प्रायमाक्विन नाही, टॅफेनोक्विन नाही.
- ३० ते ७० टक्के: मधली अवस्था, ही बहुतेक वेळा स्त्रियांतच दिसते.
- ७० टक्क्यांच्या वर: पुरेसे एन्झाइम.

मधल्या अवस्थेबाबत सर्वांत मोठा गैरसमज आहे. ५० टक्के म्हणजे 'प्रत्येक पेशीत निम्मे एन्झाइम, म्हणजे थोडाच धोका' असे वाटते. तसे नसते. स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एकच एक्स काम करत असतो, त्यामुळे तिच्या रक्तात दोन प्रकारच्या पेशींची सरमिसळ असते. ५० टक्के आकडा आला तर तिच्या निम्म्या पेशी पूर्ण सुरक्षित आणि निम्म्या पूर्ण उघड्या असू शकतात. मोठी मात्रा दिली तर त्या निम्म्यांपैकी बऱ्याच पेशी एका आठवड्यात जाऊ शकतात. 'स्त्रियांना हा आजार होत नाही' हे वाक्य म्हणूनच धोक्याचे आहे.

टप्पा ५: मात्रा ठरवणे आणि दोनदा मोजणे

सगळ्या मात्रा प्रायमाक्विन बेसच्या आहेत. २६.३ मि.ग्रॅ. प्रायमाक्विन फॉस्फेट म्हणजे १५ मि.ग्रॅ. बेस. पाकिटावरचा आकडा क्षाराचा आहे की बेसचा, हे आधी पाहा. ही एक गफलत मात्रा जवळजवळ दुप्पट किंवा निम्मी करू शकते.

*एन्झाइम पुरेसे असेल तर:* किलोमागे रोज ०.२५ मि.ग्रॅ. १४ दिवस, किंवा ०.५ मि.ग्रॅ. ७ दिवस. काही प्रदेशांत ०.५ मि.ग्रॅ. १४ दिवसही देतात. ६० किलोच्या माणसासाठी हिशेब असा: १५ मि.ग्रॅ. × १४ = २१० आणि ३० मि.ग्रॅ. × ७ = २१०. पहिल्या दोन्ही कोर्सची बेरीज एकच येते. या दोन कोर्सांत तुमची बेरीज किलोमागे ३.५ मि.ग्रॅ. (०.५ मि.ग्रॅ. १४ दिवसांच्या कोर्समध्ये ७ मि.ग्रॅ.) होत नसेल तर कुठेतरी चूक आहे, पुन्हा मोजा.

*३० टक्क्यांखाली असेल तर:* किलोमागे ०.७५ मि.ग्रॅ. आठवड्यातून एकदा, ८ आठवडे, आणि तेही जवळच्या वैद्यकीय देखरेखीखाली. ६० किलोला दर आठवड्याला ४५ मि.ग्रॅ. दोन मात्रांमधल्या सहा दिवसांत हाडांतली मज्जा नव्या पेशी तयार करते, म्हणून हा मार्ग सोसतो. पण देखरेख आणि गरज पडल्यास रक्त चढवण्याची सोय हाताशी नसेल, तर औषध न देण्याचा निर्णयही योग्य असू शकतो. अशा वेळी ताप पुन्हा आला की लगेच यायचे, हे रुग्णाला स्पष्ट सांगा.

*मधली अवस्था असेल तर:* टॅफेनोक्विन नाही, रोजची ०.५ मि.ग्रॅ.ची मात्राही नाही. आठवड्याची पद्धत, किंवा हिमोग्लोबिन मोजत राहण्याची खात्री असेल तर ०.२५ मि.ग्रॅ. १४ दिवस, यांतून डॉक्टर निवड करतील.

*टॅफेनोक्विन:* मोठ्यांसाठी ३०० मि.ग्रॅ. एकदाच, क्लोरोक्विनसोबत, आणि फक्त ७० टक्क्यांच्या वर. त्याचे अर्धायुष्य साधारण १५ दिवसांचे आहे. प्रायमाक्विन बंद केले की काही तासांत शरीरातून जाऊ लागते, टॅफेनोक्विन एकदा गिळले की मागे घेता येत नाही. म्हणून याची तपासणी सर्वांत काटेकोर ठेवायला हवी.

> सावधान: 'आठवड्यातून एकदा' लिहिलेली मात्रा रोज घेतली जाणे हा या उपचारातला सर्वांत भयंकर अपघात आहे. चिठ्ठीवर 'आठवड्यातून एकदा' एवढेच लिहू नका. वार लिहा: 'दर मंगळवारी ३ गोळ्या, इतर दिवशी एकही नाही.' आठही तारखा लिहून द्या आणि जमल्यास एका वेळी एकाच आठवड्याच्या गोळ्या द्या.

गोळी पोटभर खाल्ल्यावर घ्यावी. उपाशीपोटी घेतली तर पोटात कळा येतात आणि रुग्ण दुसऱ्या दिवशी गोळ्या बंद करतो.

टप्पा ६: पहिले दहा दिवस

पेशी फुटायला साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून सुरुवात होते. पहिल्या दिवशी काही झाले नाही म्हणून निर्धास्त होणे चुकीचे आहे, कारण सर्वांत खालचा आकडा बहुधा पहिल्या आठवड्याच्या अखेरीस येतो.

दिवस ०, ३ आणि ७ ला हिमोग्लोबिन मोजा, शक्यतो एकाच यंत्रावर. आठवड्याच्या पद्धतीत पहिल्या मात्रेनंतरची घसरण बहुतेकांत सर्वांत मोठी असते, म्हणून दुसरी मात्रा देण्याआधीचा आकडा पाहिल्याशिवाय ती देऊ नका. मलेरियामुळेही पहिल्या काही दिवसांत हिमोग्लोबिन थोडे उतरते. पण सुरुवातीच्या आकड्याच्या चौथाईहून जास्त घट, म्हणजे १२ वरून ९ च्या खाली, किंवा ७ च्या खालचा कोणताही आकडा आला तर कारण शोधत बसू नका. आधी गोळ्या थांबवा.

घरच्यांनी रोज सकाळी लघवीचा रंग पारदर्शक बाटलीत, उजेडात पाहावा. पिवळी किंवा गडद पिवळी लघवी पाणी कमी पडल्यानेही होते. कोऱ्या चहासारखी, तांबूस तपकिरी किंवा काळी झाली तर ती धोक्याची खूण.

गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठायची लक्षणे:

- काळपट लघवी, किंवा लघवी फारच कमी होणे
- डोळे पिवळे, ओठ आणि तळवे पांढरे पडणे
- थोडे चालल्यावर धाप, छातीत धडधड, चक्कर
- कंबर किंवा पोट दुखणे

टप्पा ७: पेशी फुटू लागल्या तर

पहिले काम औषध बंद करणे, आणि फक्त प्रायमाक्विन बंद करणे. घाबरून क्लोरोक्विन किंवा संयुक्त गोळ्याही थांबवल्या जातात, मग मलेरिया उलटतो आणि दोन संकटे एकत्र येतात.

दवाखान्यात रक्त चढवण्याआधी जी६पीडीसाठी नमुना काढून ठेवा, नंतर तो निरुपयोगी होतो. लघवीच्या पट्टीवर 'रक्त' दिसते पण सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी नाहीत, याचा अर्थ लघवीत हिमोग्लोबिन उतरले आहे. बिलिरुबिन, एलडीएच, रेटिक्युलोसाइट (कोवळ्या तांबड्या पेशी) आणि क्रिएटिनिन पाहा. मूत्रपिंडाला सर्वांत जास्त जपावे लागते, त्यामुळे द्रवाचा ताळेबंद ठेवा. रक्त चढवण्याचा निर्णय आकड्यासोबत रुग्णाची अवस्था आणि पेशी अजून फुटत आहेत का हे पाहून होतो.

जी६पीडी कमतरतेच्या ए-मायनस या प्रकारात कोवळ्या पेशी तग धरतात आणि घसरण बहुधा आपोआप थांबते. मेडिटेरेनियन प्रकारात कोवळ्या पेशींतही एन्झाइम फारसे नसते, त्यामुळे औषध चालू राहिले तर फुटणेही चालूच राहते. प्रकार माहीत नसताना 'आपोआप थांबेल' असे गृहीत धरू नका.

शिरेतून आर्टेसुनेट दिलेल्या गंभीर मलेरियाच्या रुग्णात आठवडाभराने किंवा त्यानंतर पेशी फुटताना दिसल्या, तर ती बहुधा वेगळी गोष्ट असते. ती जी६पीडी पुरेसे असलेल्यांतही होते. अशा रुग्णांचे हिमोग्लोबिन चार आठवडे दर आठवड्याला पाहावे, पण त्यावरून त्यांच्यावर जी६पीडी कमतरतेचा शिक्का मारू नये.

टप्पा ८: ओठ निळे पडले तर

प्रायमाक्विनने मेथहिमोग्लोबिन, म्हणजे ऑक्सिजन वाहू न शकणारे हिमोग्लोबिनही वाढते. ओठ-नखे निळसर, रक्त चॉकलेटी आणि ऑक्सिमीटर ८५ च्या आसपास अडकलेला, ऑक्सिजन लावूनही तो हलत नाही, असे चित्र दिसते. सायटोक्रोम बी५ रिडक्टेज हे दुसरे एन्झाइम जन्मतः कमी असलेल्यांत हे फार लवकर आणि जास्त होते. जी६पीडीची तपासणी त्यांना 'नॉर्मल' म्हणते, म्हणून आधी कधी विनाकारण निळे पडल्याचा इतिहास विचारावा लागतो.

> सावधान: यावरचा नेहमीचा उतारा मेथिलीन ब्लू. त्याला काम करायला तेच एनएडीपीएच लागते, म्हणून जी६पीडी कमी असलेल्यांत ते लागू पडत नाही आणि उलट पेशी फोडते. इथे व्हिटॅमिन सी किंवा रक्तबदल असे पर्याय पाहावे लागतात. रुग्णाचा जी६पीडी अहवाल माहीत नसेल तर तसे तातडीच्या विभागात तोंडाने सांगा.

 

टप्पा ९: नोंद

अहवाल फाइलमध्ये अडकवून ठेवू नका. रुग्णाच्या हाती कार्ड द्या. त्यावर तपासणीची तारीख, पद्धत, आकडा त्याच्या एककासह, त्या दिवशीचे हिमोग्लोबिन, आणि कमतरता असेल तर टाळायची औषधे लिहा: प्रायमाक्विनचे रोजचे कोर्स, टॅफेनोक्विन, डॅप्सोन, मेथिलीन ब्लू, रासबुरिकेज, पेग्लोटिकेज. प्रवासाआधी मलेरिया-प्रतिबंधक गोळ्या घ्यायच्या असतील तर हे कार्ड दाखवायचे, कारण प्रायमाक्विन आणि टॅफेनोक्विन प्रतिबंधासाठीही वापरतात. अशा माणसासाठी अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल किंवा डॉक्सीसायक्लिनसारखे पर्याय असतात.

मुलगा कमतरतेचा निघाला तर त्याला तो जनुक आईकडून आलेला असतो. त्याच्या भावांना आणि बहिणींना, आईला आणि मावश्यांना मलेरिया होण्याची वाट न पाहता तपासून घ्या. बहिणी, आई आणि मावश्यांसाठी आकडा देणारी तपासणीच मागा, पट्टीची नको.